पत्रिकेवरचा चौकोन

माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला जायच्या आधी मी तिच्यातून एक ओळ काढायला लावली होती. आमच्याकडे पत्रिकेच्या तळाशी घरातल्या पोराबाळांची नावं घालतात, मामाच्या लग्नाला यायचं हं, असं काहीतरी लाडिक लिहून. तिथे माझ्या मुलीचं नाव होतं. मी फोनवर आईला सांगितलं, तिचं नाव कुठेही छापायचं नाही. आई भडकली. "एकुलती एक भाची हाय त्याची. तिचा नाव नको, मंग काय कुत्र्याचा नाव घालायचा?" मी म्हटलं, घाल. शेवटी नाव निघालं. मोकळ्या झालेल्या जागेत फोटोवाल्याने एक काळापांढरा चौकोन बसवून घेतला आणि त्याखाली लिहिलं, ‘आपले फोटो मिळवण्यासाठी स्कॅन करा.’

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढे पोलिसांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलं, तुम्ही काळजी का नाही घेतलीत? मी घेतली होती. इतकी घेतली होती की लोक मला चक्रम म्हणायचे.

तेव्हा मी विरार पूर्वेला चंदनसारमध्ये एका खोलीच्या भाड्याच्या जागेत मुलीला घेऊन राहत होते. नवऱ्याचं घर सोडून वर्ष उलटून गेलं होतं. तो मारायचा. त्याचं मी फार बोलत नाही, कारण मार खाणाऱ्या बाईची गोष्ट ऐकताना लोक माना डोलावतात आणि चहा पितात. मी घर सोडलं ते वेगळ्या कारणाने. एका रविवारी जेवणावरून भांडण निघालं, तेव्हा त्याने पाच वर्षांच्या मुलीला उचललं, गॅलरीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसवलं, एका हाताने धरलं आणि मला म्हणाला, "आता बोल." चौथा मजला होता. मी बोलले नाही. तो हसला आणि तिला आत घेऊन टीव्ही लावून बसला. मुलगी त्या दिवसानंतर खिडकीजवळ जायची नाही. चंदनसारच्या खोलीतसुद्धा ती भिंतीला चिकटून झोपायची. ती मुलगी त्याच्या हाताला पुन्हा लागू द्यायची नाही, एवढंच माझ्या आयुष्याचं काम उरलं होतं.

बॅग भरून निघालो म्हणजे सुटलो, असं मला वाटलं होतं. पण माझा पहिला चांगला फोन त्यानेच आणलेला, खातं त्यानेच उघडून दिलेलं, पासवर्ड त्याच्या आईची जन्मतारीख. मी काढलेला प्रत्येक फोटो आपोआप वर कुठेतरी जमा व्हायचा आणि तो आपल्या फोनवर बसून बघायचा. माहेरी मी कोणती साडी नेसले हे त्याला मी सांगायच्या आधी माहीत असायचं. घर सोडल्यावर मी मावशीकडे उतरले, तर दुसऱ्या दिवशी हा तिच्या दारात हजर. मावशीच्या दारातल्या तुळशीपाशी बसलेल्या मुलीचा मी एक फोटो काढला होता. तेवढाच.

मी वसईला एका कारखान्याच्या गाळ्यात बिलं बनवायचं काम करते. तिथल्या एका मुलीने मला सगळं नव्याने लावून दिलं. नवा नंबर, नवं खातं, फोटो वर चढणं बंद, ठावठिकाणा बंद. मी तिला विचारलं, ते जुने फोटो आता कुठे आहेत? ती म्हणाली, क्लाउडवर. म्हणजे नेमकं कुठे, ते तिलाही सांगता येईना. मी त्यावर आणखी डोकं चालवलं नाही, फक्त एक नियम केला. फोटो काढायचा नाही. स्वतःचा नाही, मुलीचा तर मुळीच नाही. शाळेत प्रवेश घेताना मी मोठ्या बाईंना हात जोडून सांगितलं की हिचा फोटो शाळेच्या पेजवर टाकू नका आणि हिला बापाच्या ताब्यात देऊ नका. सोसायटीत वाढदिवसाला बोलावलं तर मी तिला मागच्या रांगेत उभी करायची. ओळखपत्रावर लावायला म्हणून एक फोटो काढावा लागला तेवढा काढला. बाकी दीड वर्षात मुलीचे दोन दात पडले, दोन नवे आले, ती सायकल शिकली, आणि यातलं काहीही कुठे टिपलेलं नाही.

मग भावाचं लग्न ठरलं. आमचं माहेर जूचंद्रचं, घर आगरी, आणि आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, बँजो, जेवणावळ, सगळा गाव. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर वर्षभर ऐकवतात. आणि आमच्या घरात नवऱ्याला पहिली हळद लावते ती बहीण. भावाचा फोन आला. "ताय, तू नाय आलीस तं मी हळद लावून घेनार नाय. तसाच कोरडा बोहल्यावर उभा ऱ्हातो." भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलेलं. मी म्हटलं, येते.

पण त्याआधी पत्रिकेवरून जे झालं ते सांगायला हवं. बाबांनी ठरवलं की जावयाला पत्रिका द्यायची. मी फोनवर ओरडले. बाबा शांतपणे म्हणाले, "कोर्टात निकाल लागला कं? नाय ना? मंग तवर तो जावईच. मानाची पत्रिका नाय गेली तं गाव काय बोलंल?" मी म्हटलं, त्याने तुमच्या नातीला कठड्यावर बसवलं होतं. बाबा म्हणाले, "तो येनार नाय. आपन आपला मान राखायचा." हा आमचा मान. पोरीला घर सोडावं लागलं त्याने तो गेला नाही, पण एक कागद पोचला नसता तर गेला असता.

काका आणि मामा दोघं नव्या टोप्या घालून, नारळ आणि पत्रिका घेऊन त्याच्या दारी गेले. त्याने त्यांना बसवलं, चहा दिला, पत्रिका कपाळाला लावली. ती कुठे असते, मुलगी कशी आहे, असं विचारलं. परत आल्यावर मामा मला फोन करून मोठ्या अभिमानाने म्हणाला, "आमी तोंड उगडला नाय. चंदनसारचा च बी काढला नाय." मामा खरं बोलत होता. तो काहीच बोलला नाही. चौकोन छापलेला कागद तेवढा देऊन आला.

मी फक्त हळदीला जायचं आणि लग्नाला नाही, असं ठरवलं. तो आला तर लग्नाला येईल, हळदीला नाही, हा माझा हिशोब. दुपारी रिक्षाने गेले, मागच्या दाराने शिरले आणि चुलीपाशी बायकांमध्ये बसले. तिथे कांदे कापायचं काम होतं, त्यामुळे रडणं कोणाला वेगळं दिसत नव्हतं. दीड वर्षाने मी माझ्या माणसांत बसले होते. चुलत्या, आत्या, शेजारणी, सगळ्यांनी मुलीला इतकं कुरवाळलं की ती आधी बावरली आणि मग अशी काही सुटली की मांडवभर पळत सुटली. मी तिला इतकं मोठ्याने हसताना किती दिवसांनी ऐकलं ते आठवेना.

फोटोवाला आमच्याच गावचा, भावाच्या वर्गातला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, माझा आणि माझ्या मुलीचा फोटो काढायचा नाही. तो म्हणाला, "टेन्शन नको ताई. तुझा नाय काढत." त्यानेही शब्द पाळला. त्याने एकदाही माझ्याकडे कॅमेरा रोखला नाही. पण त्याची तीन पोरं मांडवात फिरत होती, वर ड्रोन घोंघावत होतं, आणि मांडवाच्या खांबाला तोच चौकोन मोठा करून चिकटवलेला होता. ते त्या वर्षीचं नवं कौतुक होतं. चौकोन स्कॅन करायचा, फोनसमोर आपला चेहरा धरायचा, की हजारो फोटोंतून तुमचे तेवढे वेचून तुमच्या हातात. पूर्वी हळदीचे फोटो बघायला महिनाभर नवऱ्याच्या घरी चकरा माराव्या लागायच्या. आता प्रत्येकाला आपापले मिळणार म्हणून गाव खूष होतं. बाबा तर येईल त्याला खांबापाशी नेऊन दाखवत होते.

हळद सुरू झाली. धवलारीण, म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी म्हणणारी बाई, पाटापाशी बसून गात होती. मी भावाच्या गालाला हळद लावली. त्याने माझा हात धरून ठेवला आणि पाटावर बसल्या बसल्या हुंदका दिला. मग सगळ्यांनी एकमेकांना माखलं, पाणी ओतलं. मुलगी डोक्यापासून पायापर्यंत भिजली. आईने तिला घरात नेऊन कोरडी केली आणि आमच्या पिशवीत चाचपून सापडला तो टी-शर्ट तिच्या अंगात घातला. तिच्या शाळेचा, खेळाच्या तासाचा, पिवळा. "पिवलाच हाय, हलद लागली तरी दिसनार नाय," आई म्हणाली आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झाली. टी-शर्टच्या छातीवर शाळेचं बोधचिन्ह होतं आणि त्याखाली नाव. जिलेबी खायला मुलगी पुन्हा बाहेर पळाली. अंधार पडायच्या आत आम्ही रिक्षात बसलो.

लग्नाला तो आला नाही. आईचा फोन आला. "बघ, आला कं? उगीच घाबरत व्हतीस. मान बी राहिला, लगीन बी झाला." मी सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, खरंच आपण जरा जास्तच करतो.

लग्नाला तीन-चार आठवडे झाले असतील. मी नेहमीप्रमाणे मुलीला आणायला शाळेत गेले. फाटकावरची बाई म्हणाली, "आज पप्पा घेऊन गेले ना तिला." तिचा चेहरा अगदी नेहमीचा होता. मी तिला म्हटलं, तिला पप्पा नाहीत. ती म्हणाली, अहो असं काय बोलता, मोठ्या बाई होत्या की समोर.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. टेबलावरची काच फुटली एवढं माहीत आहे, कारण हाताला टाके पडले. त्या बाई घाबरल्या होत्या, पण आपलं चुकलं असं त्यांना मनापासून वाटत नव्हतं, आणि त्यांच्या जागेवरून बघितलं तर त्यांचंही बरोबर होतं. त्याने आधार कार्ड दाखवलं होतं. जन्मदाखल्यावर बाप म्हणून त्याचंच नाव होतं. मुलीने त्याला बघून "पप्पा" म्हटलं होतं. मी म्हटलं, मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना? त्या म्हणाल्या, "सांगितलं होतंत. पण ते म्हणाले, आता तुमचं सगळं मिटलं आहे. मी खात्री म्हणून विचारलंसुद्धा. तेव्हा त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. घरच्या हळदीतला. तुम्ही होतात, तुमचे भाऊ, तुमची आई. मुलगी तुमच्या मांडीवर बसलेली, आपल्या शाळेचा टी-शर्ट घालून. सगळे किती आनंदात दिसत होतात. मला वाटलं, बरं झालं, एक घर जुळलं."

चौकीवर साहेबांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बापच आहे. पळवून नेलं असं कसं लिहू?" मी हट्टाने बसून राहिले तेव्हा त्यांनी अर्ज घेतला. त्याच्या घरी शिपाई जाऊन आला, घराला कुलूप.

मला ते सगळं एकीकडे आणि तो फोटो एकीकडे. हळदीतला फोटो त्याच्याकडे आला कसा? माझ्या माणसांपैकी कोणी दिला, असाच माझा समज झाला. त्या दोन दिवसांत मी एकेकाला फोन करून जे बोलले त्याने आजही दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. काकू रडली, मामाने देवाची शपथ घेतली. शेवटी मी फोटोवाल्याच्या दुकानात गेले.

तो म्हणाला, "ताई, आईशपथ, एकदम प्रायव्हेट असतं. कोणाला दुसऱ्याचे फोटो दिसतच नाहीत. आपला चेहरा दाखवला तर फक्त आपलेच येतात." मी म्हटलं, कोणी कोणी शोधलं ते कळतं का? तो म्हणाला कळतं, आणि त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. ज्यांनी ज्यांनी फोटो शोधले त्या सगळ्यांचे चेहरे तिथे ओळीने साठवलेले होते. आमच्या चुलत बहिणी ओठांचे चंबू करून. एक काका, नाकपुड्यांपासून वर. कोणाचा तरी नुसता पंखा. आत्या, चष्मा कपाळावर. फोटोवाला एकेकाला ओळखून हसत होता.

मग मीच समोर आले. मुंडावळ्या बांधलेली, नाकात नथ, मान थोडी खाली. माझ्या लग्नातला फोटो. त्याने तो दुसऱ्या मोबाइलवर उघडून कॅमेऱ्यासमोर धरला असणार, कारण माझ्या कपाळावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडली होती. शोधल्याची तारीख भावाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"ही तर तूच ना ताई?" फोटोवाल्याने विचारलं.

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही, नवऱ्याचाही आला नाही. मला माझ्या त्या चेहऱ्याचा राग आला. काय गरीब गाय होऊन बसली होती ती.

नवऱ्याला काय काय मिळालं ते मी तिथेच पाहिलं. चाळीसेक फोटो. त्यातल्या एकासाठीही मी उभी राहिले नव्हते. कोणा पाहुण्यांचा घोळका, त्यांच्या खांद्यामागे माझं अर्धं तोंड. नवरदेवाच्या कानाजवळ माझी हनुवटी आणि एक डोळा. पाण्याच्या पिंपापाशी वाकलेली मी. माणसाला दिसणार नाही तिथे यंत्राला मी दिसले होते आणि त्याने मला इमानाने शोधून दिलं होतं. त्यातल्या पाच-सहा फोटोंत मुलगी होती. आणि मग तो पिवळा टी-शर्ट. मांडीवर बसून जिलेबी खाणारी, गालाला हळद, हसताना डोळे मिटलेले, छातीवर शाळेचं नाव इतकं स्वच्छ की लांबून वाचता यावं. शाळेचं नाव कळल्यावर त्याला चंदनसारही नको होतं, माझा पत्ताही नको होता.

माझी कोर्टातली केस चालवणाऱ्या वकीलबाईंना मी विचारलं, ही चोरी नाही का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा चेहरा त्याने वापरला, एवढं तुम्ही म्हणू शकता. बघू या. पण पत्रिका तुमच्या वडिलांनीच दिली, आणि स्कॅन करा असं पत्रिकेतच लिहिलं आहे." म्हणजे कुणी कुलूप तोडलं नव्हतं. आम्हीच टोप्या घालून, नारळ देऊन किल्ली पोचवली होती.

मी फोटोवाल्याला म्हटलं, हे सगळं आत्ताच्या आत्ता पुसून टाक. तो म्हणाला, "मला नाय करता येत ताई, ॲडमिन नवरदेव असतो. वर्षाचं पॅकेज आहे." मी भावाला फोन केला. तो चाचरत म्हणाला, "ताय, तुझं तेवढं काढलं तं पहिल्या हलदीचा एक पन फोटो ऱ्हानार नाय." मी त्याला जे बोलले ते बहिणीने भावाला बोलू नये. एकही मागे ठेवू नकोस, असं मी ओरडले. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं की त्याने शरमेने अख्खा अल्बमच पुसला, स्वतःच्या फोनवरचे फोटोसुद्धा. मी फोटोवाल्याला विचारलं, तर त्याने जागा हवी म्हणून कॅमेऱ्यातले मूळ फोटो केव्हाच काढून टाकले होते. माझ्या मुलीचे दीड वर्षातले धड फोटो होते ते तेवढेच, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं.

पुढच्या तारखेला तो स्वतःच कोर्टात हजर झाला, आणि निकाल लागेपर्यंत मुलगी त्याच्याकडे ठेवून कोर्टाने मला महिन्यातून एकदा भेटीचा हुकूम दिला. पहिल्या तारखेला तो तिला घेऊन आला. केस चापून बसवलेले, नवा फ्रॉक, पायात आवाज करणारे बूट. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. मी खाऊ पुढे केला. तिने घेतला नाही. मग म्हणाली, "मम्मी, तू मला शाळेत घ्यायला का नाही आलीस?" मी म्हटलं, आले होते गं. ती म्हणाली, "पप्पा बोलले तू येणार नव्हतीस." तो दाराशी उभा राहून मोबाइल बघत होता. मी तिला जवळ ओढलं, तिने ओढू दिलं, पण तिने हात माझ्याभोवती टाकला नाही.

दुसऱ्या तारखेला तिला ताप होता. तिसऱ्या तारखेला परीक्षा. चौथ्या तारखेला कुणीच आलं नाही. मग कळलं की त्याने घर विकलं, नोकरी सोडली आणि तो गुजरातच्या बाजूला कुठेतरी गेला. नंबर बंद. कुठे काही टाकत नाही, कुणाशी बोलत नाही. लपणं तो माझ्याकडूनच शिकला असावा. वकीलबाई अर्ज करतात, तारखा पडतात, मी प्रत्येक तारखेला खाऊचा पुडा घेऊन जाते आणि तो परत आणून शेजारच्या पोरांना देते. बाबा आता माझ्यासमोर मान खाली घालून बसतात. मी त्यांना बरं वाटेल असं काही बोलत नाही. जमत नाही मला.

यंदा त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. माझी एक चुलत जाऊ आहे, ती चोरून माझ्याशी बोलते. तिने मला पत्रिकेचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "तो येईल असं म्हणतात, पण मला जायला मिळणार नाही." पत्रिकेच्या तळाशी पोराबाळांच्या नावांखाली चौकोन होता.

लग्न होऊन दोन दिवस जाऊ दिले आणि मग मी तो स्कॅन केला. स्क्रीनवर गोल आला आणि सूचना आली, चेहरा चौकटीत आणा. जे माझ्यावर केलं गेलं तेच मी करत होते, हे मला कळत होतं. मला त्याची यत्किंचितही लाज वाटली नाही. मी तिच्या शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो फोनसमोर धरला. सहा वर्षांची, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. थोडा वेळ ते गोल गोल फिरलं. मग आलं, ‘एकही फोटो सापडला नाही.’

मी उजेडात जाऊन पुन्हा धरला. मग तिचा आणखी लहानपणीचा धरला, मावशीच्या दारातला, तुळशीपाशी बसलेला. नाही. मी म्हटलं, निदान सगळे फोटो तरी उघडून एकेक बघू, कुठे पाठमोरी तरी दिसेल. तर तसं बघता येत नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपल्या गोपनीयतेसाठी फक्त आपलेच फोटो दाखवले जातात.’

मुलगी माझ्यावर गेली आहे, असं सगळे म्हणतात. म्हणून शेवटी मी माझाच चेहरा चौकटीत आणला. केस मागे घेतले, चष्मा काढला, तिच्यासारखी हसले. तेही नाही.

ती लग्नाला आलीच नव्हती, की होती आणि ओळखू आली नाही, हे मला कळायला मार्ग नाही. ती आता आठ वर्षांची झाली असेल. तिला शोधायचं तर तिचा आत्ताचा चेहरा दाखवावा लागतो, आणि तो माझ्याकडे नाही.